ख्रिस्ती तरुणमंडळे आणि त्यांतील नेतृत्वाचा प्रश्न

स्थानिक चर्चच्या आश्रयाने चालणारे तरुणांचे मंडळ ही ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या दीर्घ इतिहासात तशी अर्वाचीन संस्था होय. रॉबर्ट रेक्स याने १७८० साली ग्लॉस्टर येथे गरीब मुलांसाठी रविवारची शाळा काढली, आणि पुढील अर्धशतकात ही पद्धती इंग्लंड-अमेरिकेतील बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रूढ झाली. मराठी ख्रिस्ती समाजात जिला शब्बाथ शाळा म्हणतात ती हीच. लहानांसाठी शाळा आणि प्रौढांसाठी उपासना, अशी ही व्यवस्था होती. तथापि शाळा सुटल्यानंतर आणि मंडळीचे पूर्ण सभासदत्व पत्करण्यापूर्वी जी पाच-सहा वर्षे जातात, त्यांची दखल या व्यवस्थेत घेतलेली नव्हती. पूर्वी ती घेण्याची निकडही भासली नसावी. कारण शेतकरी वा कारागीर कुटुंबातील मुलगा बापाच्या हाताखाली वाढत असे. औद्योगिक नगरांत हे चित्र पालटले. बारा-चौदा वर्षांचा मुलगा कारखान्यात जाऊ लागला, त्याच्या हाती स्वतःची मजुरी आली, आणि लहान भावंडांबरोबर बाकावर बसून वचने पाठ म्हणणे त्याला कमीपणाचे वाटू लागले. त्याने शाळेकडे पाठ फिरवली, आणि एकदा फिरवलेली पाठ बहुधा पुन्हा वळली नाही.

ही गळती कशी थांबवावी, या चिंतेतून तरुणमंडळे जन्मास आली. परंतु मंडळ काढणे सोपे आणि चालविणे कठीण, असा अनुभव सर्वत्र येतो. व त्याचे कारण मंडळाच्या घडणीतच आहे. शाळेतील उपस्थिती कायद्याने सक्तीची करता येते, कारखान्यातील उपस्थिती पोट सक्तीची करते. मंडळातील उपस्थितीला असा कोणताच आधार नसतो. सभासद आजच्या सभेतून उठून गेला आणि पुढच्या आठवड्यात आला नाही, तर त्याला कोणी जाब विचारू शकत नाही. उलटपक्षी मंडळाची खोली, दिवाबत्ती, पैसा आणि नाव ही सर्व चर्चची असतात, आणि चर्चने ती काही हेतूने दिलेली असतात. नेता या दोहोंच्या मध्ये उभा असतो. पाळक आणि पंच त्याला विचारतात की, या तरुणांपैकी उपासनेला किती येतात. तरुण त्याला न बोलताच विचारतात की, येथे आम्हांला काही बोलता येईल की केवळ ऐकावे लागेल. म्हणून नेतृत्वाच्या प्रश्नाचा गाभा नेत्याच्या अंगच्या गुणांत शोधण्यापेक्षा, मंडळात बोलण्याचा आणि ठरविण्याचा अधिकार कोणाकडे ठेवला आहे, या एका गोष्टीत शोधणे अधिक फलदायी ठरते. पुढे ज्या चळवळींचा विचार केला आहे, त्यांपैकी प्रत्येकीने या प्रश्नाचे निराळे उत्तर दिले.

लंडनमध्ये १८४४ साली जॉर्ज विल्यम्स या कापडाच्या दुकानातील नोकराने आपल्या सोबत्यांसह स्थापन केलेली यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन ही संस्था सर्वांत प्रसिद्ध आहे, आणि मुंबईतही ती १८७५ पासून कार्य करीत आहे. परंतु ती हेतुतः कोणत्याही एका चर्चच्या अधिकाराबाहेर ठेवण्यात आली होती. पाळकाच्या दाराआडच्या मंडळाची जी अडचण, ती तिला तितकीशी भासली नाही; म्हणून तिचा विचार येथे केलेला नाही.

ग्लासगो येथील विल्यम अलेक्झांडर स्मिथ याने ४ ऑक्टोबर १८८३ रोजी बॉइज ब्रिगेडची पहिली तुकडी उभी केली. स्मिथ हा व्यापारी होता, हौशी स्वयंसेवक पलटणीत अधिकारी होता, आणि नॉर्थ वुडसाइड मिशनमध्ये रविवारच्या शाळेचा शिक्षकही होता. शनिवारी कवायतीच्या मैदानावर त्याच्या एका शब्दासरशी प्रौढ माणसे पावले उचलीत. रविवारी त्याच्या वर्गातील पोरे मात्र त्याला जुमानीत नसत. या दोन अनुभवांतील विसंगतीच त्याला सुचवून गेली. त्याने बारा वर्षांवरील मुलांना टोपी, पट्टा आणि खांद्याची पिशवी दिली, त्यांची कवायत सुरू केली, आणि कवायतीला येणाऱ्याने रविवारच्या वर्गालाही आले पाहिजे असा नियम घातला. नांगर हे त्यांचे बोधचिन्ह ठरले. त्याचा आधार इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील आशेच्या नांगराचा दृष्टान्त हा होता. आदर, शिस्त आणि आत्मसन्मान ही मूल्ये तुकडीच्या उद्दिष्टांत प्रथमपासून होती. आज्ञापालनाचा उल्लेख मात्र १८९३ साली त्यांत घालण्यात आला. ज्या संस्थेचा सारा व्यवहार हुकमावर चालत होता, तिला आज्ञापालन हा शब्द दहा वर्षांनी सुचावा, ही गोष्ट मौजेची आहे.

स्मिथच्या व्यवस्थेत ठरविण्याचा अधिकार निःसंशय अधिकाऱ्याकडे होता. तिचे यश दुर्लक्षिण्याजोगे नाही. ज्याला घरी आणि कारखान्यात कोणी नावाने हाक मारीत नाही अशा मुलाला रांगेतील आपली जागा, आपला पट्टा आणि आपला क्रमांक मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. उन्हाळ्यातील छावणीत त्याला समुद्र दिसे, हीही नव्हती. शिवाय स्मिथने वयाची वरची मर्यादा ठेवली, आणि मोठी झालेली मुले कनिष्ठ अधिकारी म्हणून काम करू लागली. सैनिकी थाटाविषयी त्या काळीही आक्षेप घेण्यात आले. पण खरी मर्यादा निराळीच होती. कवायतीत तरुणाला सर्व काही करता येते, केवळ प्रश्न विचारता येत नाही; आणि सतरा-अठराव्या वर्षी श्रद्धेसंबंधी जे काही घडते, त्याचा प्रारंभ बहुतेक प्रश्नापासून होतो.

ब्रिगेडच्या स्थापनेपूर्वी अडीच वर्षे, अटलांटिकच्या पलीकडे, याच्या जवळजवळ उलट प्रयोग झाला होता. अमेरिकेतील मेन संस्थानात पोर्टलंड येथे विलिस्टन काँग्रिगेशनल चर्चचा तरुण पाळक फ्रान्सिस क्लार्क याच्यापुढे प्रश्न होता तो असा की, नुकत्याच झालेल्या धर्मजागृतीच्या सभांत ज्या मुलामुलींनी ख्रिस्ताचा स्वीकार केला, त्यांचे पुढे काय करावे? जागृतीचा उत्साह काही आठवड्यांत ओसरतो, हे त्याने पाहिले होते. मोठ्यांच्या प्रार्थनासभेत ही मुले येऊन बसत. पण तेथे वर्षानुवर्षे तेच चार वडील उठून बोलत. २ फेब्रुवारी १८८१ रोजी क्लार्कने त्यांना आपल्या घरी बोलावले आणि त्यांच्यापुढे एका मंडळाची घटना ठेवली. तीत एक प्रतिज्ञा होती : प्रत्येक साप्ताहिक प्रार्थनासभेला उपस्थित राहीन, आणि गाण्याखेरीज अन्य काही भाग प्रत्येक सभेत घेईन. ही कठोर अट ऐकून खोलीत स्तब्धता पसरली. मग रविवारच्या शाळेतील एका शिक्षकाने प्रथम सही केली, आणि त्याच्या वर्गातील मुलांनी त्याच्यामागून केल्या. ख्रिस्ती एंडेव्हर सोसायटी या नावाने पुढे जगभर पसरलेल्या संस्थेचा हा आरंभ होय.

गाण्याखेरीज हे शब्द वरवर किरकोळ दिसतात. वस्तुतः साऱ्या योजनेची कळ त्यांतच आहे. समूहात गाताना कोणालाही लपता येते. एक वचन वाचणे, दोन वाक्यांची प्रार्थना करणे, एखादा अनुभव सांगणे, यांपैकी काहीही केले तरी चालेल, परंतु स्वतःच्या आवाजात केले पाहिजे, असा दंडक घातल्याबरोबर सभेचे स्वरूप पालटले. साठ मिनिटांत तीस जणांनी बोलायचे तर पाळकाच्या प्रवचनाला वेळ उरत नाही; क्लार्कला तेच हवे होते. प्रतिज्ञा मुलामुलींना सारखीच लागू होती. स्त्रियांनी सभेत बोलावे की नाही यावर ज्या मंडळ्यांत अद्याप वाद चालू होता, त्यांतही सोळा वर्षांची मुलगी दर आठवड्याला उठून बोलू लागली, कारण तिने तसे वचन दिले होते आणि ते वचन पाळकानेच घेतले होते. प्रतिज्ञेचा हा परिणाम चळवळीच्या प्रचारकांनी फारसा गाजविला नाही. अभ्यासकांनी मात्र त्याकडे लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

कामाची वाटणी समित्यांमधून होई. एक समिती प्रार्थनासभेचे विषय व सूत्रचालक ठरवी. दुसरी नव्या सभासदांची चौकशी करी आणि मागे पडलेल्यांना भेटून येई. तिसरी स्नेहसंमेलने भरवी. सूत्रचालक दर सभेला बदले. सभासदांचे दोन वर्ग होते : ज्यांनी श्रद्धा प्रकट केली आहे ते सक्रिय, आणि जे अद्याप उंबरठ्यावर आहेत ते सहयोगी. महिन्यातून एकदा समर्पणसभेत हजेरी घेतली जाई, व आपले नाव येताच प्रत्येकाने काही शब्द बोलावेत असा प्रघात होता. जो येऊ शकत नसे त्याने निरोप पाठवावा. लागोपाठ तीन समर्पणसभांना विनाकारण अनुपस्थित राहणाऱ्याचे नाव पटावरून कमी करावे, असा नियम होता. जबाबदारी इतक्या बारीक तुकड्यांत वाटून दिल्यामुळे भिडस्त मुलालाही एखादा तुकडा उचलता येत असे, आणि उचलल्यावर तो आपला वाटत असे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत या मंडळांची सभासदसंख्या लक्षावधींच्या घरात गेली. मेथॉडिस्टांनी १८८९ साली आपली स्वतंत्र एपवर्थ लीग काढली, तिच्यामागे क्लार्कच्या या यशाची जाणीव होती.

क्लार्क स्वतः काँग्रिगेशनल पंथाचा, आणि अहमदनगर, सातारा, सोलापूर या भागांत काम करणारे अमेरिकन मराठी मिशनही त्याच परंपरेतले. तेव्हा ही पद्धती मराठी मंडळ्यांत लवकर येऊन पोहोचावी यात नवल नाही. १८९२-९३ च्या जगप्रवासात क्लार्क हिंदुस्थानातही येऊन गेला, आणि चळवळीचे जागतिक अधिवेशन १९०९ साली आग्रा येथे भरले. मराठी मंडळ्यांत पुढे तरुण संघ हे सुटसुटीत नाव रूढ झाले, आणि समित्या, पाळीपाळीने सूत्रसंचालन, वचन वाचून त्यावर चार शब्द बोलणे ही रीत कित्येक ठिकाणी टिकून राहिली. परंतु येथील परिस्थितीत एक फरक होता आणि तो महत्त्वाचा आहे. पोर्टलंडच्या पाळकाने आपल्याच समाजातील मुलांकडे अधिकार सोपविला होता. मिशनच्या मंडळ्यांत मोठ्यांकडेच अद्याप अधिकार नव्हता. मिशनरी वेतन देई, पाळक ते घेई, आणि निर्णय कोठे होत हे सर्वांना ठाऊक असे. अशा मंडळीत तरुणांना समिती मिळाली तरी तिने ठरवायचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार उभारण्याचा जो प्रयत्न केला, तो तरुणमंडळाचा नव्हता. पण बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना एका बंधुत्वात बसविण्याची त्यांची कल्पना आणि क्लार्कच्या सक्रिय-सहयोगी सभासदांची विभागणी ही शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. एकाने उंबरठा आखला, दुसऱ्याने तो पुसण्याचे धाडस केले.

प्रतिज्ञेच्या पद्धतीतही एक दोष दडलेला होता. जे प्रथम मनापासून बोलले गेले ते पुढे सवयीने बोलले जाऊ लागते. दर आठवड्याला काहीतरी बोललेच पाहिजे म्हटल्यावर लहानात लहान वचन शोधून ठेवण्याकडे प्रवृत्ती होते. आणि सभा भरते, सर्व जण बोलतात, तरी कोणी काही सांगितलेले नसते. शिवाय प्रतिज्ञेला मुदत नव्हती. वीस वर्षांचा चिटणीस तिसाव्या वर्षीही चिटणीस राहिला की नवी मुले दाराशीच थबकतात. आजही एखाद्या मंडळीत तरुण संघाचे अध्यक्ष दोन मुलांचे बाप असल्याचे आढळते, तेव्हा हा जुनाच दोष पुढे चालू असतो.

बोलण्याचा अधिकार दिला, पण बोलण्याचा विषय प्रार्थनासभेच्या चौकटीतच राहिला, ही क्लार्कच्या योजनेची मर्यादा मानली तर ती ओलांडण्याचे श्रेय बेल्जियममधील कॅथलिक धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांच्याकडे जाते. त्यांचा जन्म १८८२ सालचा. ब्रुसेल्सजवळच्या हाल या गावी ते वाढले. वडिलांचा कोळशाचा लहानसा व्यापार होता. धर्मगुरू होण्यासाठी ते शिक्षणाला गेले, आणि त्यांचे शाळासोबती गिरण्या-कारखान्यांत गेले. सुट्टीत घरी आल्यावर हे जुने मित्र आपल्याकडे परक्याप्रमाणे, किंबहुना शत्रूप्रमाणे पाहतात, असा त्यांना अनुभव आला. थोड्याच वर्षांपूर्वी एकाच बाकावर बसलेल्या मुलांत आणि चर्चमध्ये हे अंतर पडले कसे? कार्डाइन यांनी या प्रश्नाचे उत्तर मुलांच्या दुर्वर्तनात शोधले नाही. चौदाव्या वर्षी शाळा सोडून कामावर जाणारा मुलगा पहिल्याच आठवड्यात ज्या भाषेत, ज्या वागणुकीत आणि ज्या एकाकीपणात जाऊन पडतो, त्याची चर्चला कल्पनाच नाही, असे त्यांचे निदान होते. १९०३ साली वडिलांचे निधन झाले. कष्टकरी पित्याच्या मृत्यूनंतर आपले आयुष्य कामगारवर्गाला वाहण्याचा निश्चय आपण केला, असे ते पुढे सांगत.

१९०६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली, आणि १९१२ साली ब्रुसेल्सच्या लाकेन या धर्मग्रामात त्यांची नेमणूक झाली. तेथे त्यांनी प्रारंभ केला तो शिवणकाम व अन्य मजुरी करणाऱ्या मुलींपासून. मुलांच्या गटाला फर्नांड टोने, पॉल गार्से आणि जाक मेर हे तरुण सहकारी मिळाले. पहिल्या महायुद्धात जर्मन सत्तेने कार्डाइन यांना तुरुंगात टाकले. युद्धानंतर चळवळीने आकार घेतला आणि १९२५ साली तिला ख्रिस्ती कामगार तरुण हे नाव व अधिकृत मान्यता मिळाली. फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून तिला जॉक म्हणतात. ही मान्यता सहजासहजी मिळाली नाही. कार्डिनल मर्सिए यांना शंका होती की, कामगार तरुणांची निराळी संघटना काढल्यास कॅथलिक तरुणांत वर्गभेद माजेल. सर्वांना सामावणारी एक सर्वसाधारण तरुणसंघटना आहेच, तिच्यात हे काम का होऊ नये? आक्षेप निराधार नव्हता. परंतु त्या सर्वसाधारण संघटनेत बोलणारे सुशिक्षित घरांतले आणि ऐकणारे कारखान्यांतले, अशी वाटणी आपोआप होत असे. कार्डाइन रोमला गेले आणि पोप अकरावे पायस यांनी त्यांची बाजू उचलून धरली.

कार्डाइन यांची पद्धत पाहा, पारखा, कृती करा या तीन क्रियापदांनी ओळखली जाते. ही सूत्रे आता इतकी सर्वतोमुखी झाली आहेत की, त्यांच्यामागील रोजची रीत विस्मृतीत जाण्याचा धोका आहे. आठ-दहा तरुणांचा लहान गट आठवड्यातून एकदा जमतो. आधीच्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या कामाच्या जागी एखाद्या ठरलेल्या गोष्टीची पाहणी करायची असते : नव्याने लागलेल्या मुलाला पहिल्या दिवशी कोण भेटले, जेवणाची सुट्टी किती मिळते, पहाटेच्या गाडीत मुलींना कोणते बोलणे ऐकावे लागते, अपघात झाल्यास औषध कोठे असते. पाहणीत मत सांगायचे नाही. घडलेली गोष्ट सांगायची. मग शुभवर्तमानातील उताऱ्याच्या आणि चर्चच्या सामाजिक शिकवणीच्या प्रकाशात गट विचार करतो की, हे असे असणे योग्य आहे काय. शेवटी प्रत्येक जण येत्या आठवड्यात करता येईल अशी एक गोष्ट ठरवितो, आणि पुढील सभेचा प्रारंभ ती झाली की नाही या विचारणेने होतो. कृती लहान असली तरी चालते. नव्या मुलाबरोबर जेवायला बसणे ही देखील कृतीच. लहान असल्यामुळेच ती टाळण्याला सबब राहत नाही.

या सभेत धर्मगुरूचे स्थान विलक्षण आहे. तो उपस्थित असतो, पण सभा चालवीत नाही. चालक हा त्यांच्यातलाच कामगार असतो. सभेपूर्वी चालकाशी बसून तयारी करणे, सभेत बहुतांशी गप्प राहणे, आणि अखेरीस आवश्यक वाटल्यास थोडक्यात बोलणे, एवढेच धर्मगुरूने करावे अशी अपेक्षा असते. ज्याने सहा-सात वर्षे धर्मशास्त्राचा अभ्यास केला आहे, ज्याच्यापुढे रविवारी शेकडो लोक निमूट बसतात, त्याने सोळा वर्षांच्या सुताराला शुभवर्तमानाचा अर्थ चाचपडत लावताना पाहावे आणि मध्ये बोलू नये, ही तपश्चर्याच म्हटली पाहिजे. पण ती न साधली तर पद्धत राहत नाही. उरतो तो धर्मशिक्षणाचा वर्ग. कामगारांमध्ये, कामगारांकडून आणि कामगारांसाठी, हे कार्डाइन यांचे म्हणणे घोषणेसारखे वाटते. परंतु त्याचा व्यावहारिक अर्थ धर्मगुरूच्या मौनात दिसून येतो.

मौनाचा अर्थ उदासीनता नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. सभेतील मौन परवडावे म्हणून सभेबाहेरचा पुष्कळ वेळ धर्मगुरू चालकाला देत असे : एकेकट्याशी बोलणे, त्याच्या घरी जाणे, त्याच्या चुकीवर सर्वांदेखत नव्हे तर नंतर बोलणे. ज्यांनी कार्डाइन यांचे केवळ सूत्र उचलले आणि हा वेळ दिला नाही, त्यांच्या गटांत पाहणीच्या नावाखाली तक्रारींची यादी आणि कृतीच्या नावाखाली सहल निघू लागली. या चळवळीतही सवयीचा गंज चढतो. फक्त तो निराळ्या ठिकाणी चढतो.

या रीतीने घडलेल्या तरुणांनी पुढे काय केले याची साक्ष इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात टोने आणि गार्से यांना नाझींनी पकडले, आणि १९४५ साली दोघेही डाखाऊच्या छळछावणीत मरण पावले. १९५७ साली रोममध्ये चळवळीच्या मेळाव्याला अनेक देशांतून सुमारे ३२,००० तरुण कामगार जमले. १९६१ साली पोप तेविसावे जॉन यांनी माटेर एत माजिस्ट्रा या विश्वपत्रात पाहणे, पारखणे व कृती करणे या तीन पायऱ्यांचा पुरस्कार केला. अशा रीतीने एका धर्मग्रामातील गटाची बैठकीची रीत सर्व चर्चच्या शिकवणीत जाऊन बसली. कार्डाइन १९६५ साली कार्डिनल झाले आणि १९६७ साली निवर्तले. विद्यार्थ्यांसाठी याच पद्धतीवर निघालेली शाखा मुंबई व गोव्यातील कॅथलिक शाळांच्या परिचयाची आहे.

आतापर्यंतच्या साऱ्या विवेचनात मंडळाचा सभासद हा कोणत्या तरी अर्थाने चर्चचाच होता. जो चर्चचा नाही, होऊ इच्छीत नाही, केवळ पावसातून आत आला आहे, त्याचे काय? हा प्रश्न युद्धोत्तर इंग्लंडमध्ये ऐरणीवर आला. तेथे चर्चच्या सभागृहांत सर्वांसाठी खुली तरुणमंडळे भरत. टेबलटेनिस, नाच, कॉफी, आणि शेवटी पाच मिनिटांची प्रार्थना असा त्यांचा क्रम असे. शेवटच्या पाच मिनिटांपूर्वी सायकली घेऊन निघून जाणाऱ्यांची संख्या ही नेत्याच्या डोकेदुखीचा कायमचा विषय असे. काउंटेस ऑफ अल्बमार्ल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने फेब्रुवारी १९६० मध्ये तरुणसेवेविषयीचा आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यात आध्यात्मिक वा ख्रिस्ती मूल्यांची उघड भाषा अनेक तरुणांच्या मनात केवळ संशय उत्पन्न करते, असा इशारा होता, आणि प्रशिक्षित, पगारी नेत्यांची निकड सांगितली होती. १९६१ साली लेस्टर येथे त्यासाठी राष्ट्रीय महाविद्यालय सुरू झाले. चर्चच्या नेत्यांपुढे पेच पडला : हेतू सांगावा तर मुले जातात, लपवावा तर फसवणूक होते.

पूर्व लंडनमधील हॅकनी विक येथील ईटन मिशनच्या चर्चने या पेचातून काढलेली वाट उद्बोधक आहे. तेथे १९५९ साली जॉन ओट्स या तरुण धर्मोपदेशकाने एक मंडळ काढले आणि वर्षावरून त्याचे नाव फिफ्टी-नाइन क्लब ठेवले. तेथील मुख्य धर्मगुरू बिल शेरगोल्ड स्वतः मोटारसायकल चालवीत. कातडी जाकिटे घालून भरधाव गाड्या हाकणारे, वृत्तपत्रांनी गुंड ठरविलेले तरुण लंडनच्या वायव्येस एस कॅफे या उपाहारगृहात जमत. शेरगोल्ड त्यांना बोलाविण्यासाठी तेथे गेले. १९६२ साली या तरुणांसाठी खास उपासना झाली. मोटारसायकली थेट चर्चमध्ये आणण्यात आल्या आणि त्यांच्यावर आशीर्वाद मागण्यात आला. त्यानंतर मंडळाचा मोटारसायकल विभाग हजारोंच्या संख्येने वाढला, आणि १९६४ साली शेरगोल्ड पॅडिंग्टनला गेले तेव्हा तो त्यांच्याबरोबर गेला. येथे हेतू लपविलेला नव्हता. गळ्यातील पांढरी पट्टीच तो सांगत होती. परंतु येणाऱ्याला त्याची किंमतही मोजावी लागत नव्हती. मंडळाचे किती सभासद पुढे उपासनेला येऊ लागले, या पंचांच्या नेहमीच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अशा मंडळाला देता येत नाही, आणि ते न देता काम चालू ठेवण्याची तयारी असावी लागते. विभाग चर्चसोबत न राहता माणसासोबत स्थलांतरित झाला, ही गोष्ट मात्र सूचक आहे. ब्रिगेड स्मिथवाचून आणि जॉक कार्डाइनवाचून चालू शकली, कारण त्यांच्यापाशी रीत होती. येथे रीतीपेक्षा माणूस मोठा होता.

माणूस रीतीपेक्षा मोठा होण्यात दुसराही धोका आहे, आणि त्याची चर्चा पूर्वीच्या लिखाणात क्वचितच आढळते. ज्या नेत्याभोवती तरुण जमतात, ज्याला ते घरी न सांगितलेले सांगतात, त्याच्या हाती मोठी सत्ता एकवटते. आणि ती धर्माच्या नावाने असल्यामुळे तिला प्रश्न विचारणे कठीण जाते. बालकांच्या लैंगिक शोषणाविषयी इंग्लंड व वेल्समध्ये नेमलेल्या स्वतंत्र चौकशी समितीने २०२० साली अँग्लिकन आणि रोमन कॅथलिक या दोन्ही चर्चसंबंधी जे अहवाल दिले, त्यांत संस्थेची अब्रू राखण्यासाठी तक्रारी दडपल्या गेल्याचे निष्कर्ष आहेत. नेत्याने अल्पवयीन सभासदाबरोबर एकट्याने बंद खोलीत बसू नये, मंडळात नेहमी दोन प्रौढ असावेत, नेमणुकीपूर्वी पूर्ववृत्ताची तपासणी व्हावी, तक्रार पाळकाकडे नव्हे तर बाहेरच्या अधिकाऱ्याकडे नेता यावी, हे आजचे दंडक या अनुभवातून आले आहेत. एकेकट्याशी बोलण्यावर भर देणाऱ्या कार्डाइनपंथी रीतीला त्यामुळे मुरड घालावी लागली आहे. संभाषण होते, पण दार उघडे ठेवून होते.

महाराष्ट्रातील मंडळ्यांत या चारही रीतींचे अवशेष एकमेकांत मिसळलेले दिसतात. संचलन, वचनपठण, गटचर्चा आणि नाताळातील गीतफेरी व नाटुकली ही एकाच तरुण संघाच्या वार्षिक कार्यक्रमात सुखेनैव नांदतात. तरुण शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्या-मुंबईस जातो तेव्हा मूळ गावचा संघ ओस पडतो, आणि शहरातील मंडळीत तो नवखा म्हणून मागच्या बाकावर बसतो. ग्लासगोच्या मुलाची आणि त्याची अवस्था फारशी निराळी नाही. संघाचे पदाधिकारी निवडणुकीने येतात, परंतु कार्यक्रमपत्रिका पाळकांच्या संमतीखेरीज छापली जात नाही, अशी स्थिती कित्येक ठिकाणी आहे. त्या संमतीचे स्वरूप काय, कोणते विषय तिच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच गाळले जातात, सभेत मुली किती वेळ बोलतात, अध्यक्षाचे वय काय आणि मागील पाच वर्षांत सूत्रसंचालन किती निरनिराळ्या सभासदांनी केले, या गोष्टी संघाच्या इतिवृत्ताच्या वह्यांतून आणि प्रत्यक्ष सभांतून मोजता येण्याजोग्या आहेत. अहमदनगर परिसरातील जुन्या मंडळ्या व वसईतील धर्मग्राम यांच्या तौलनिक अभ्यासाला त्यांपासून आरंभ करता येईल.